इंटर्व्ह्यूच्या आदल्या रात्रीचं जेवण

नोव्हेंबर २०१९. दुपारी चारला अमेरिकेतल्या क्लीव्हलंडला उतरले आणि साडेसहाला एका हॉटेलात जेवायला पोहोचायचं होतं. विमानतळावरूनच रेड लाइनची गाडी मिळते, ती थेट गावात टॉवर सिटीला सोडते, त्यामुळे टॅक्सीचे पैसे वाचले. इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेन्सीसाठी (डॉक्टर झाल्यावर हॉस्पिटलात काम करत घ्यायचं तीन वर्षांचं प्रशिक्षण) आलेला हा माझा पहिलाच इंटर्व्ह्यू. तेव्हा त्याच्या आदल्या रात्री तिथले रेसिडेंट, म्हणजे हे प्रशिक्षण घेणारे डॉक्टर, उमेदवारांना जेवायला न्यायचे. प्रोफेसर मंडळी सहसा नसायची.

मी सांगलीची. मोठ्यांच्या पंगतीत विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हे अंगात मुरलेलं. त्या रात्री मी हसून माना डोलावल्या, 'एव्हरीथिंग इज गुड' म्हणत राहिले आणि एकही प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या दिवशीचा इंटर्व्ह्यू छान झाला. पण फेब्रुवारीत रँक लिस्ट, म्हणजे हॉस्पिटलांच्या पसंतीक्रमाची यादी, लावायला बसले तेव्हा वहीतल्या त्या पानावर खाटांची संख्या आणि जेवणातले पदार्थ एवढंच होतं. तीन वर्षं जिथे काढायची, त्या जागेबद्दल मला काहीच कळलेलं नव्हतं. त्या रात्री मलाही त्यांची परीक्षा घ्यायची होती, हे मला फार उशिरा उमगलं.

म्हणून आता नंतरच्या, मिलवॉकीच्या जेवणाबद्दल सविस्तर सांगते. शिकागोच्या युनियन स्टेशनवरून ॲमट्रॅकची हायावाथा रेल्वे दीड तासात तिथे पोहोचवते. आदल्या रात्री शिकागोत मैत्रिणीकडे राहिले होते, रुळांच्या कडेला बर्फ साचला होता. या वेळी मी ठरवून गेले होते. 'इथलं वातावरण कसं आहे?' असं विचारलं की उत्तर 'फॅमिलीसारखं' हेच येतं, सगळीकडे. मी शेजारच्या सेकंड इयरला विचारलं, "मागच्या वेळी तुम्ही आजारी पडलात, तेव्हा तुमची ड्यूटी कोणी केली?" तिने जेपर्डीची पद्धत समजावून सांगितली, म्हणजे राखीव रेसिडेंटला बोलावतात ती. मग आपणहून म्हणाली की तिने कोणाला फोन केला, आणि त्याने परतफेड म्हणून काहीही मागितलं नाही.

तेवढ्यात एक इंटर्न (पहिल्या वर्षाची रेसिडेंट) रात्रपाळीनंतर झोपून उठून, डोळे चोळत आली. न बोलता दोघं सरकले, खुर्ची ओढली. तिच्यासाठी कोणीतरी आधीच सूप सांगून ठेवलं होतं. त्या रात्री वहीत मी फक्त एवढंच लिहिलं. माझ्या यादीत तो प्रोग्रॅम पहिला होता. मॅच (उमेदवार आणि हॉस्पिटल दोघांच्या याद्या जुळवून ठरणारी जागा) दुसऱ्या पसंतीला झाला, तरी त्या निवडीचा मला कधी पस्तावा झाला नाही.

आणखी एका गावात (नाव सांगत नाही) रात्रीच्या कामाबद्दल विचारल्यावर रेसिडेंट आधी एकमेकांकडे बघत आणि मग 'इट्स फाइन' म्हणत. टेबलाच्या टोकाला एक वरिष्ठ डॉक्टर बसले होते. असं असेल तर तिथे अडून बसू नका, निघताना कोट घालता घालता एखाद्याला एकट्याला गाठा.

उपयोगी पडलेले प्रश्न असे: आठवड्याला ८० तासांची मर्यादा कोणत्या रोटेशनला ओलांडली जाते? रात्री आयसीयूचे अटेंडिंग (जबाबदार वरिष्ठ डॉक्टर) इमारतीत असतात का? गेल्या दोन वर्षांत व्हिसावरचे कोण कोण फेलोशिपला (पुढच्या सुपरस्पेशालिटी प्रशिक्षणाला) गेले? व्हिसा जे-१ की एच-१बी, हे मात्र जेवणात विचारू नका. ते इंटर्व्ह्यू स्वीकारण्याआधी कोऑर्डिनेटरला ईमेलवर विचारून घ्या.

शाकाहारी असाल तर होकार कळवतानाच 'मांस, मासे, अंडं नाही' असं सुटं सुटं लिहा, काहींच्या लेखी मासे शाकाहारात चालतात. दारू घेत नसाल तर सोडा-लिंबू मागा, कारण कोणी विचारत नाही. सूट जेवणाला नको, साधा शर्ट आणि स्वेटर पुरे. पण तो सूट विमानात हातातल्या बॅगेतच ठेवा. बर्फाचे बूट पायात, चांगले पिशवीत. आणि डिनरच्या दिवशी दुपारचं शेवटचं विमान घेऊ नका. बफेलोत मी त्यामुळे एक डिनर गमावलं.

लग्न झालंय का, मुलं आहेत का, हे इंटर्व्ह्यूत विचारायचं नसतं, पण जेवताना कोणीतरी आपुलकीने विचारतंच. काय आणि किती सांगायचं ते आधी ठरवून जा.

आपलं माणूस भेटलं तर आनंद होतोच. एका टेबलावर थर्ड इयरचा एक दादा भेटला, त्याने थेट "कुठली गं तू?" म्हणून विचारलं. आम्ही दोन वाक्यं मराठीत बोललो आणि इंग्रजीवर आलो, कारण बाकीचे गप्प झाले होते. खरं बोलणं नंतर झालं, उणे ११ तापमानात मला हॉटेलवर सोडताना. "प्रोग्रॅम चांगला आहे, पण इथे गाडीशिवाय निभाव लागत नाही. पहिल्या पगाराच्या आधीच सोय बघ," तो म्हणाला. हे कुठल्याही माहितीपत्रकात नसतं.

२० मार्च २०२० ला माझा मॅच झाला. तोवर जग बंद व्हायला लागलं होतं आणि त्याच शरद ऋतूत ही जेवणं झूमवर गेली. रेसिडेंट म्हणून मी तीन हंगाम पलीकडच्या बाजूला बसले. भारतातून जोडलेली मुलं अंधाऱ्या खोलीत, घरचे जागे होऊ नयेत म्हणून दबक्या आवाजात बोलत. त्यांना बघून पोटात तुटायचं. ईस्टर्न वेळेचे संध्याकाळचे सहा म्हणजे ऑक्टोबरात आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, मग साडेचार. शिकागोच्या वेळेचे सहा म्हणजे तेव्हा साडेपाच. या एका तासाच्या घोळात दरवर्षी कोणी ना कोणी चुकायचं, म्हणून तारखेसकट भारतीय वेळ कागदावर लिहून भिंतीला लावा.

आमच्याकडे सोशलला, म्हणजे या ओळखीच्या भेटीला, कोण आलं, याची हजेरी कधीच घेतली नाही. वॉर्डात ड्यूटी असेल तर दोन ओळींची ईमेल पुरे. चीफ रेसिडेंटपर्यंत आम्ही नेत होतो ती दोनच प्रकारची नावं: कोणाशी उद्धटपणे वागलेली, आणि दुसऱ्या उमेदवाराला बोलायला वाट करून देणारी. एका मुलीचा आवाज तुटत होता, तेव्हा दुसऱ्या उमेदवाराने तिचा प्रश्न चॅटमध्ये वाचून आम्हाला मोठ्याने विचारला. त्याचं नाव आम्ही सगळ्यांनी सांगितलं.

झूमवर लहान खोल्यांत पाठवतात तेव्हा पहिल्या मिनिटातच एक प्रश्न विचारून टाका, नंतर भीड वाढत जाते. आणि लॅपटॉप मिटल्यावर झोपायच्या आधी दहा ओळी लिहा. कोण कोणाशी कसं बोललं, कोणत्या प्रश्नाला सगळे थबकले, हे सगळं. बाराव्या इंटर्व्ह्यूनंतर चेहरे एकमेकांत मिसळतात.