पंगत वेगळी, ट्रक एकच

मिनेसोटातली थंडी काही संपायचं नाव घेईना आणि मी घरात बसून जाम कंटाळले होते, तेव्हा शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, चल मंगळवारी आमच्या चर्चच्या बेसमेंटमध्ये, क्विल्ट बांधायला माणसं कमी पडतायत. मी म्हटलं बापरे, मला साधं बटण लावता येत नाही. पण गेले. आणि खाली जाऊन बघते तर काय, चक्क गोधड्या!

आता अगदी आपल्यासारख्या नाहीत हं. माझी आजी जुनी लुगडी एकावर एक पसरून धावदोरा घालत बसायची, एका गोधडीला पावसाळा जायचा. इथे जुने शर्ट, पडदे, उरलेसुरले तुकडे यांचे चौकोन मशीनवर जोडतात, मध्ये एखादं जुनं ब्लँकेट, खाली चादर, आणि मग जाड दोरा आरपार काढून थोड्या थोड्या अंतरावर गाठ मारायची, झालं. माप साधारण 60 बाय 80 इंच. मी मारलेली पहिलीच गाठ आजीबाईंनी ओढून बघितली आणि ती सुटली :) "परत मार, दोनदा. तिकडे धुताना सुटली तर कोण बांधत बसणार?"

तिकडे म्हणजे निर्वासितांच्या छावण्या, भूकंप-पूर झालेली गावं, असं कुठेही. आजीबाईंचं चर्च लुथरन, म्हणजे मार्टिन लुथरला मानणाऱ्या प्रोटेस्टंट ख्रिश्चनांचं, आणि लुथरन वर्ल्ड रिलीफ नावाची संस्था हे सगळं पाठवते. ती 1945 साली सुरू झाली, युद्धानंतर युरोपातल्या बेघर लोकांना कपडे, अन्न पाठवायला. नंतर युरोप सावरला पण हे लोक थांबले नाहीत.

चहा म्हणजे अर्थात कॉफी, ती पिताना आजीबाईंनी सांगितलेलं मात्र माझ्या डोक्यातून जात नाहीये. त्यांची बहीण पण लुथरन, पण मिसूरी सिनॉडवाली, म्हणजे लुथरनांमधल्याच एका जास्त कर्मठ पंथाची. आजीबाईंच्या चर्चमध्ये बाई पाद्री आहे, बहिणीकडे बाईला पाद्री होताच येत नाही. आणि ख्रिसमसला बहिणीकडे गेल्या की कम्युनियनच्या (चर्चमध्ये प्रसादासारखी भाकर आणि वाईन घेतात त्या विधीच्या) वेळी या बाकावरच बसून राहतात, कारण तिथे यांना चालत नाही. सख्ख्या बहिणी! मला लगेच आपल्याकडची सोवळ्याओवळ्याची जेवणं आठवली, एकाच घरात दोन पंगती. पण क्विल्ट? ते दोन्ही चर्चचे एकाच ट्रकमध्ये चढतात.

घरी येऊन शोधाशोध केली तर हे फक्त गोधड्यांपुरतं नाहीये. या दोन्ही पंथांच्या मिळून देशभरात 300 च्या आसपास सेवासंस्था आहेत आणि 1997 पासून त्या लुथरन सर्व्हिसेस इन अमेरिका नावाच्या एका छत्राखाली आहेत. वृद्धांची काळजी, अपंगांना मदत, अनाथ मुलांना घर, सगळं. (हे नुसतं दानपेटीवर चालतं असं समजू नका, सरकारी पैसा भरपूर असतो आणि तो आटला की यांचीही पंचाईत होते.) आमच्या मिनेसोटातल्या संस्थेची सुरुवात तर 1865 सालची, एरिक नोरेलियस नावाच्या स्वीडिश पाद्र्याने चार अनाथ पोरं सेंट पॉलहून वासा गावी आणली, तिथून. आज तीच संस्था म्हाताऱ्यांना जेवणाचे डबे देते आणि कर्जात बुडालेल्यांना हिशोब शिकवते. चार पोरांपासून कुठे पोचलं बघा.

पुढच्या मंगळवारी मी उत्साहात घरून कापड घेऊन गेले, भगवं, ओम छापलेलं, आईने पाठवलेलं आणि तीन वर्षं तसंच पडलेलं. आजीबाईंनी उलगडलं, हात फिरवला, सुती आहे म्हणून खूश झाल्या, मग विचारलं हे काय चिन्ह आहे. मी सांगितलं. तर हसून घडी घालून परत दिलं. म्हणाल्या, देवाधर्माचं काही चालत नाही यावर, घेणारा कुठल्या धर्माचा असेल काय माहीत.

"तुमचा क्रॉस?"

"तोही नाही."

मग मी गपचूप निळ्या चौकटीच्या चादरीला गाठी मारायला बसले. दोनदा.