विडीची वही आणि आमचं टेबल: आमची वाटचाल

1996 साली सोलापूरच्या कोर्टाबाहेर मी टायपिंगचं टेबल टाकलं. भांडवल म्हणजे एक जुनं मराठी गोदरेज मशीन, कार्बनची डबी आणि आईनं पोस्टातून काढून दिलेले दोन हजार. आई साखर पेठेत विड्या वळायची. कारखान्यात मुन्शीनं मूठभर विड्या छाट, म्हणजे खराब, म्हणून बाजूला टाकल्या की त्या दिवशी भाजी नाही, नुसती भाकरी-चटणी. छाटीलाही नियमात मर्यादा घातलेली होती, हे मला कळलं ते टेबल टाकल्यावर, एका वकिलांचा अर्ज टाईप करताना. तोवर आई थकून घरी बसली होती.

पहिली दहा-पंधरा वर्षं भाडेकरार, नोटिसा, प्रतिज्ञापत्रं. पानाला ठरलेला दर. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. 2005 ला कॉम्प्युटर आला, 2011 ला छोटा गाळा भाड्यानं घेतला. गोदरेज मशीन भंगारात द्यायला मन झालं नाही, ते माळ्यावर आहे.

धंद्याला वळण लागलं ते एका अम्मांमुळे. आमच्या पूर्व भागात तेलुगू वस्ती मोठी, त्यामुळं वयानं मोठी बाई म्हणजे अम्माच. 27 वर्षं एकाच कारखान्याच्या विड्या वळल्या, नजर गेली तशा थांबल्या. ग्रॅच्युइटी, म्हणजे काम सुटताना मालकानं द्यायची रक्कम, मागितली तर उत्तर मिळालं, तुम्ही तर घरी बसून वळत होता, कामगार कुठल्या? आता 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्यात कच्चा माल नेऊन घरी विड्या वळणारीही कामगारच धरली होती. प्रॉव्हिडंट फंडाच्या बाबतीत सुप्रीम कोर्टानं 1985 साली तेच सांगितलं. एवढं मलाही पाठ झालं होतं. पण फॉर्मात नाव, कामाला लागल्याची तारीख, शेवटची मजुरी लिहावी लागते, आणि अडतं ते तिथंच.

अम्मांनी पिशवीतून विड्यांच्या आणि मजुरीच्या नोंदीच्या वह्या काढल्या. तंबाखूचा वास गाळाभर पसरला. एका वहीत माहेरचं आडनाव, दुसरीत नवऱ्याचं, आधारवर तिसरंच काहीतरी. जन्मतारीख 1 जून, जी आमच्याकडं निम्म्या गावाची असते.

"अम्मा, नावं तीन हायत की."

"बाई एकच हाय की ओ बाबू!"

त्यावर काय बोलणार? तिन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र केलं आणि हिशेबाला बसलो. नगावर मजुरी घेणाऱ्याचा रोज काढायला 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्यात काम सुटण्याआधीच्या तीन महिन्यांच्या मजुरीची सरासरी धरत. वह्यांवरून रोज निघाला 170 रुपये. वर्षाला पंधरा दिवसांचे 2,550, आणि 27 वर्षांचे 68,850. हा गुणाकार मी तीनदा तपासला. आणि तरी घाण केलीच. काम सुटल्याच्या तारखेत साल एक मागचं पडलं. कागदावर अर्ज मुदत उलटून गेल्यासारखा दिसायला लागला, वर नोकरीही एका वर्षानं घटली. समोरच्या वकिलांनी पहिल्याच तारखेला त्यावर बोट ठेवलं. दुरुस्तीचा अर्ज, त्यावर त्यांचं म्हणणं, मग पुढची तारीख, असे सात महिने गेले. पैसे शेवटी मिळाले, व्याजासकट. पण तेवढ्यात अम्मांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढं ढकललं होतं. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

तेव्हापासून आमच्याकडं नियम आहे. एकानं टाईप करायचं, दुसऱ्यानं प्रत्येक तारीख मोठ्यानं वाचायची.

पुढं दुपारच्या वेळी बायका चौघी-पाचजणी रिक्षा करून यायला लागल्या. फी ठरलेली आणि काम झाल्यावर. रकमेत टक्का घेत नाही. वकील लागलाच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पाठवतो. 1987 च्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणं बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. शेजारचे टेबलवाले म्हणतात, हातचं गिऱ्हाईक घालवतोस. घालवतो खरं. भाडेकरारांवर भागतं.

त्यांचा खरा राग आमच्या पाटीवर होता. जातीच्या दाखल्यासाठीच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प 2004 पासून माफ आहे. तरी लोकांना शंभराचा कागद घ्यायला लावत, आणि 2024 मध्ये शंभराच्या जागी पाचशेचा आल्यावर पाचशेचा. आम्ही 'स्टॅम्प लागत नाही' अशी पाटी लावली, ती दोन दिवसांत गायब झाली. मग भिंतीवरच रंगवून घेतली.

2019 ला माझ्या भाचीनं वकिलीची सनद घेतली, आणि आता गाळ्यात तिचंही टेबल आहे. गेल्या वर्षी तिच्याकडं सेटलमेंट भागातला एक कैकाडी मुलगा आला, जातीच्या दाखल्यासाठी. कैकाडी ही विमुक्त जात, आणि विमुक्त जातीला 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा लागतो. इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, तारेच्या कुंपणात ठेवून हजेरी घेतली, त्यांच्याकडं सातबारा कुठला? तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला, कागदांची अडचण मात्र राहिली. भाचीनं त्या मुलाच्या आजोबांना विचारलं, शाळेत गेला होता का? गेले होते, दीड वर्ष. तिसऱ्या खेपेला जुन्या शाळेच्या रजिस्टरात 1946 ची नोंद सापडली. जातीच्या रकान्यात 'कैकाडी'.

झेरॉक्स आजोबांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. "यात हजेरीचं लिवलंय का?" भाची नाही म्हणाली. "मग दे," म्हणाले.

दाखला मिळाला. जात पडताळणी समितीनं मात्र त्रुटी काढली आहे, आजोबांचं आडनाव रजिस्टरात एक आणि आधारवर दुसरं. परवा भाचीनं त्याचं प्रतिज्ञापत्र टाईप केलं, तारखा मी मोठ्यानं वाचल्या. कागद साधाच, बिनस्टॅम्पचा.