आमची वाटचाल: पाडव्याचं भविष्यपान

आमचा वेबसाइट बनवून देण्याचा धंदा. दर दिवाळी पाडव्याला वहीपूजन आटोपलं की आमच्याकडून ग्राहकांना पेढ्यांच्या पुड्याबरोबर एक छापील पान जातं. वर गणपती, खाली पंचांगासारखी चौकट आणि आत येत्या वर्षाचं वेबसाइटचं भविष्य. कुणाच्या होमपेजला साडेसाती आहे, कुणाचा सर्व्हर वक्री होणार, कुणाच्या घरात नवीन लोगोचा योग आहे, असं सगळं. लोक वाचतात, हसतात, गल्ल्याच्या काचेखाली लावून ठेवतात. असं पान आमच्या भागात पहिल्यांदा आम्ही काढलं. आता आणखीही काही जण काढतात. त्यांनी ते कुठून उचललं हे मार्केटमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, तरी एकदा लिहून ठेवतो.

धंद्याची सुरुवात २००४ ची, जळगावात, भाड्याच्या एका गाळ्यात. मी आणि दादा. दादा म्हणजे माझे भागीदार, मूळचे डीटीपीवाले. पेजमेकरमध्ये लग्नपत्रिका लावून त्यांची अक्षराची नजर तयार झाली होती. पेंटियम फोर, पंधरा इंची डबा मॉनिटर आणि डायल-अप मोडेम एवढाच संसार. मोडेमची किरकिर संपून लाइन लागावी आणि नेमकं भारनियमन सुरू व्हावं. मग यूपीएस ओरडत असताना एफटीपीने सर्व्हरवर फायली चढवायच्या आणि शेवटची इमेज अर्ध्यात तुटायची. फोटोशॉपमध्ये पान रंगवायचं, स्लाइस टूलने तुकडे करायचे, ड्रीमवीव्हर या पान बांधायच्या सॉफ्टवेअरमध्ये टेबलाच्या घरांत बसवायचे आणि जिथे घर आखडेल तिथे एका पिक्सेलची पारदर्शक जिफ इमेज ताणून घालायची. ज्यांनी हे केलंय त्यांना जास्त सांगायला नको. मराठीचं तर निराळंच. युनिकोड, म्हणजे संगणकावर अक्षरं लिहायची सर्वमान्य पद्धत, आलेलं होतं, पण ग्राहकाच्या विंडोज एक्सपीत ते कंट्रोल पॅनलमधून चालू करायला सीडी लागायची आणि ती सीडी कुणाला सापडायची नाही. म्हणून दादा श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर लावून त्याची इमेज करायचे. कितीही बारीक अक्षर असलं तरी एक वेलांटी फाटलेली दिसायची नाही. असं काम आज कुणी करत नाही, करायची गरजही राहिली नाही, पण ती नजर असायला हवी होती असं मला रोज वाटतं.

आमचे पहिले पक्के ग्राहक रावेरकडचे नाना. केळीची रोपं आणि माल, दोन्हींचा धंदा. त्या काळी ज्याला त्याला साइट उघडताच फ्लॅश या सॉफ्टवेअरमध्ये केलेला हलता इंट्रो हवा असायचा. लोगो फिरत यायचा, मागे सनई वाजायची, आणि डायल-अपवर ते सगळं उतरेपर्यंत चहा होऊन जायचा. नानांना दोनच गोष्टी हव्या होत्या, आजचा भाव आणि फोन नंबर. "भो, शेतकरी बांधावर उभा राहून पाहीन. त्याला तुमचं नाचणारं केळ काय करायचं?" लोक नोकियावर जीपीआरएसने साइट उघडायला लागले तेव्हा नानांचा भाव तालुक्यात सगळ्यांत आधी दिसायचा, कारण त्या पानावर दुसरं काही नव्हतंच.

भविष्यपान २००९ च्या पाडव्याला सुरू झालं. कल्पना दादांची. त्यांनी लिहिलेलं पहिलं वाक्य मला पाठ आहे: "येत्या वर्षी साइटवरची सर्वांत लोकप्रिय जागा म्हणजे 'स्किप इंट्रो' हे बटण." दुसरं असं: "हिट काउंटर जन्मतःच दहा हजारांचा असेल," कारण ग्राहक खरोखरच काउंटर तिथून सुरू करायला सांगत. पुढच्याच एप्रिलमध्ये अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्जने आयफोन-आयपॅडवर फ्लॅश का नाही याचं जाहीर पत्र लिहिलं, २०१७ मध्ये अडोबीने फ्लॅश बंद करायचं ठरवलं आणि २०२० संपता संपता ते बंद झालं. २०१७ च्या पानात आम्ही म्हटलं होतं की ज्या साइटच्या दाराला कुलूप नाही तिथले पाहुणे उंबऱ्यावरूनच परत जातील. २०१८ च्या जुलैत क्रोमने एचटीटीपीएस (साइटच्या पत्त्याशेजारचं कुलूप) नसलेल्या प्रत्येक साइटवर 'सुरक्षित नाही' असा शिक्का मारायला सुरुवात केली. पान हसण्यासाठी असतं हे खरं, पण ते लिहिणारे हात रोज काम करणारे आहेत, म्हणून ते खरं ठरतं.

आता त्या गोष्टीकडे येतो. आमच्याकडे एक मुलगा शिकला. पान सजवायच्या सीएसएसमधला फ्लोट कसा आवरायचा, फायरबग लावून चुका कशा शोधायच्या, इंटरनेट एक्सप्लोररच्या खोड्या कशा ओळखायच्या, सगळं इथे, आमच्या टेबलावर. २०१२ मध्ये तो बाहेर पडला आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर त्याने पाटी लावली: दोन हजारांत वेबसाइट, डोमेन (साइटचं नाव) फुकट. धंदा कुणीही करावा. पण २०१४ मध्ये, दिवाळी तोंडावर आली असताना, आम्ही ज्या कंपनीकडून होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची जागा, घेत होतो तिचा सर्व्हर बसला. फोन कुणी उचलेना, तक्रारीच्या तिकिटांना उत्तर नाही, कंट्रोल पॅनल उघडेना. कापडवाले, सराफ, हॉटेलवाले, ऐन हंगामात सगळ्यांच्या साइट पांढऱ्या. दादा दर शनिवारी सगळ्या साइटचा बॅकअप डीव्हीडीवर काढून ठेवत, म्हणून साइट वाचल्या. नवीन सर्व्हर घेतला, फायली चढवल्या, नेमसर्व्हर (साइटचं नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं ती नोंद) बदलले, पण तो बदल सगळीकडे पोहोचायला एक-दोन दिवस जातातच. तेवढ्या वेळात हा गृहस्थ मोबाइल हातात घेऊन आमच्या ग्राहकांच्या दुकानोदुकानी फिरला. पांढरं पान दाखवायचा आणि म्हणायचा, "ते बसले हो, गाशा गुंडाळला." निम्मे ग्राहक त्या आठवड्यात गेले. ज्यांच्या मुलींच्या लग्नपत्रिका दादांनी रात्री जागून लावल्या तेही गेले. ते मी विसरलेलो नाही.

पोरांचे पगार थकले होते, पान छापायलाही पैसे नव्हते. नाना एसटीने जळगावला आले, पुढच्या वर्षांचे पैसे आगाऊ टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "पान छापा. लोकांना दिसू द्या तुम्ही हाय ते." रावेर, सावदा, फैजपूर, तिकडची पानं त्यांनी स्वतः वाटली. त्यांच्यामुळे आमचं शटर वर राहिलं.

पुढच्या पाडव्याला वरच्या मजल्यावरूनही पान निघालं. तीच चौकट, तेच ग्रह, शब्दन् शब्द आमच्या आधीच्या वर्षीच्या पानातला. आम्ही खास नानांसाठी लिहिलं होतं, "कांदेबागेच्या मालाला योग उत्तम, भाव पानाच्या माथ्यावर ठेवावा." कांदेबाग ही केळीची लागण, तरी तेही त्याने तसंच छापून साडीच्या दुकानांत वाटलं. एक पान नानांकडेही पोहोचलं. नानांनी त्याला फोन करून काय सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही.

नंतरची वर्षं व्यवस्थित गेली. तो गृहस्थ काही वर्षांनी दुकान बंद करून पुण्याकडे गेला आणि तेव्हा 'डोमेन फुकट' म्हणजे काय ते लोकांना कळलं. सगळी नावं त्याच्याच खात्यावर. मुदत संपली, कुणी भरली नाही, नावं सुटली. एका दुकानाच्या नावावर आज परदेशी जुगाराची साइट उघडते. म्हणून सांगतो, विचारलं नसलं तरी: डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल नंबरवर घ्या. पासवर्ड शॉप अ‍ॅक्टच्या कागदाबरोबर कपाटात ठेवा. 'लाइफटाइम होस्टिंग' विकणाऱ्याकडून काहीच घेऊ नका. बॅकअप आहे म्हणणाऱ्याला तो उघडून दाखवायला सांगा.

यंदाचं पान लिहून झालंय. दादा आता अमळनेरला असतात, पण मजकूर त्यांच्या डोळ्याखालून गेल्याशिवाय छापत नाही. त्यातलं थोडं इथे देतो. येत्या वर्षी खान्देशातल्या सगळ्या साइट जांभळ्या होतील, कारण एआयला साइट मागितली की तो जांभळी छटा आणि गोल कोपऱ्यांच्या चौकटी देतो. सराफ, खतवाला आणि दातांचा डॉक्टर, तिघांच्या साइट जुळ्या भावंडांसारख्या दिसतील आणि पेशंट अंगठीची ऑर्डर देऊन जाईल. अ‍ॅपलने २०२५ च्या जूनमध्ये लिक्विड ग्लास, म्हणजे काचेसारखी पारदर्शक सजावट, आणलं, म्हणून आता सगळ्यांची बटणं काचेची होतील. जळगावच्या मे महिन्यातल्या उन्हात ती बटणं शोधायला गिऱ्हाईक पडवीत येईल, आणि पडवीत आला की चहा पिऊन निघून जाईल. प्रत्येक साइटवर चॅटबॉट बसेल. त्याला बऱ्हाणपूरच्या बाजारातला केळीचा भाव विचाराल तर तो केळीतलं पोटॅशियम सांगेल. भरीत-पार्टीचं हॉटेल आधी कुकीजची परवानगी मागेल, मग वांग्याचा फोटो दाखवेल. आणि लोगो अजून थोडा मोठा होईल. हे शेवटचं आम्ही पहिल्या पानापासून दरवर्षी छापतो आणि ते एकदाही चुकलेलं नाही.

यातलं पहिलं तर पान छापण्याआधीच खरं झालं. नानांचा नातू परवा एआयकडून नवीन साइट करून घेऊन आला. पोरगं हुशार आहे. साइट जांभळी, आणि वर फोटोत झाडाला लागलेला भलामोठा घड, पण सगळी केळी खाली लोंबणारी. घडावरची केळी वाढताना वरच्या अंगाला वळतात, हे रावेरचं शेंबडं पोरही सांगेल. नानांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, "हे केळ आपल्याकडचं नाही भो." आम्ही त्यांच्याच बागेतला जी-नाइन जातीच्या केळीचा घड मोबाइलवर काढला, जांभळा रंग काढून पांढरा केला, भाव वर घेतला, खाली फोन नंबर. अक्षर दादांनी ठरवलेल्या मापाचंच. साइट पाडव्याला सुरू होतेय.