पोलाद बदलतं तेव्हा: आमची वाटचाल

दर जूनमध्ये अमेरिकेत अटलांटाला ब्लेड शो हे चाकूंचं मोठं प्रदर्शन भरतं. चाकू घडवणारे, पोलाद विकणारे आणि आमच्यासारखे जुन्या चाकूंचे व्यापारी तीन दिवस एका छताखाली येतात. आम्ही जवळच राहतो, म्हणून पहिल्यांदा नुसतं बघायला गेलो होतो. मी पुण्यात धातुशास्त्र शिकलेला, इथे मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरीला. आईच्या विळीपलीकडे पात्याशी माझा संबंध नव्हता. तिथे एका वयस्क गृहस्थांनी घडीचा चाकू हातात देऊन विचारलं, "पोलाद ओळखता येतं का?" मी म्हटलं, नुसतं बघून कोणालाच येत नाही. ते उत्तर त्यांना आवडलं आणि पुढचा तासभर त्यांनी मला आपला संग्रह दाखवला.

२०१२ मध्ये आम्ही नवरा-बायकोने गॅरेजमध्ये संग्राह्य चाकूंची खरेदी-विक्री सुरू केली. हिशेब, फोन आणि पाठवणी ती बघते, तपासणी माझ्याकडे. तेव्हा सिराक्यूजच्या क्रुसिबल कंपनीचं एस३०व्ही हे पोलाद चांगल्या चाकूंत रुळलेलं होतं. २००९ मध्ये त्याचा धाकटा भाऊ एस३५व्हीएन आला होता आणि एकेक कंपनी त्याच्याकडे वळत होती. ही दोन्ही भुकटीची पोलादं. वितळलेल्या धातूचा फवारा उडवून तिची बारीक भुकटी करतात, मग उष्णता आणि दाब देऊन ती एकजीव करतात. त्यामुळे धार टिकवणारे कार्बाइडचे कण बारीक राहतात आणि सगळीकडे सारखे पसरतात. मला हे सगळं अभ्यासातलं. त्यामुळे सुरुवातीला मी मालाची किंमत पोलादावरून करायचो. ती माझी चूक होती, आणि ती महागात पडली.

निवृत्त झालेल्या एका गिऱ्हाइकाकडून २०२१ मध्ये आम्ही एकाच मॉडेलचे चौदा चाकू एकरकमी घेतले. सगळे एस३५व्हीएनचे, पेटीबंद, एकदाही न वापरलेले. त्याच वर्षी धातुशास्त्रज्ञ डॉ. लॅरिन थॉमस यांनी तयार केलेलं मॅग्नाकट हे नवं पोलाद बाजारात आलं. त्यात क्रोमियम जेमतेम पावणेअकरा टक्के, तरीही ते सहसा गंजत नाही, कारण क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकून न पडता धातूतच मोकळं राहतं. वर ते चिवटही आहे. इतका नेमका विचार करून बेतलेलं पोलाद वाचताना मला मनापासून आनंद झाला. काही महिन्यांनी आमच्या त्या चौदा चाकूंच्या कंपनीने तेच मॉडेल मॅग्नाकटमध्ये जाहीर केलं आणि आमचा माल अडकला.

अशा वेळी बाजारात काय होतं ते तेव्हा आम्ही जवळून पाहिलं. नव्या चाकूची दुकानातली किंमत हीच जुन्याची कमाल मर्यादा बनते. ज्यांनी चाकू वापरायला घेतला होता, ते सगळे एकाच आठवड्यात जुना विकायला काढतात, कारण त्यांना नव्यासाठी पैसे उभे करायचे असतात. घेणारा थांबून राहतो. आमचे चौदा चाकू जायला दीड वर्ष लागलं, बहुतेक खरेदीपेक्षा कमी भावात गेले आणि त्या वर्षी घरातून पैसे घालावे लागले.

पण शेवटचे दोन चांगल्या भावाला गेले. त्यांच्या मुठीचा हिरवा रंग तोवर बंद झाला होता. पोलादाबद्दल घेणाऱ्याने विचारलंसुद्धा नाही.

मग आम्ही जुन्या वह्या काढून बसलो. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडचे चाकू-कारागीर बॉब लव्हलेस यांच्या चाकूंचे भाव मॅग्नाकट आल्याने हलले नव्हते. १५४सीएम हे पोलाद चाकूंत रूढ करण्यात त्यांचा मोठा वाटा होता, पण लोक पैसे मोजतात ते त्यांच्या हाताला. ते २०१० मध्ये गेले, आता नवा लव्हलेस होणार नाही. केस या अमेरिकी कंपनीच्या खिशातल्या चाकूंचंही तसंच. १९७० पासून पात्याच्या बुडाशी असलेल्या शिक्क्याखालचे ठिपके मोजून साल ठरतं आणि त्या सालाला किंमत येते.

याच दिवसांत मरिएटाच्या एक काकू आल्या. रुमालात गुंडाळलेला, ख्रिस रीव्ह यांच्या कंपनीचा सेबेन्झा हा घडीचा चाकू त्यांनी टेबलावर ठेवला. "अरे, ह्यांचा आहे. मुलगा म्हणतो पोलाद जुनं झालंय, काही यायचं नाही. तू बघतोस का?" एस३०व्ही येण्याआधी काही वर्षं सेबेन्झाची पाती बीजी-४२ या पोलादाची असत, हा त्यातलाच. काकांनी चाकूच्या जन्मतारखेचं, म्हणजे तो तयार झाल्याच्या तारखेचं, कार्डही जपलं होतं. मी व्हर्नियर लावून पात्याची रुंदी मोजली, भिंगाखाली धार बघितली: कारखान्याची मूळ धार, निसण्यावर एकदाही न गेलेली. काकूंना सांगितलं, हे पोलाद आता या चाकूत मिळत नाही, म्हणूनच हा हवा असणारे लोक आहेत. त्यांनी भाव ऐकून कार्ड पुन्हा एकदा वाचलं आणि "विक," म्हणाल्या. तो आठवड्यात गेला.

नुसत्या नावाचा मोह किती असतो, तेही रोज दिसतं. बोलरचं एम३९०, क्रुसिबलचं २०सीव्ही आणि कार्पेंटरचं २०४पी यांची घडण जवळपास एकच, तरी तिघांना वेगळा भाव सांगितला जातो. आणि नाव कोणतंही असो, पाणी नीट दिलेलं नसेल तर चांगलं पोलादही मऊ पडतं. म्हणून मी गिऱ्हाइकाला आधी रॉकवेल आकडा, म्हणजे पात्याच्या कडकपणाचं माप, विचारायला सांगतो. शिवाय व्हॅनेडियम या धातूचं प्रमाण जास्त असलेल्या पात्याला साध्या दगडाने धार लावणं जिकिरीचं, हिऱ्याची प्लेट लागते. वापरणाऱ्याने हे आधीच ऐकलेलं बरं.

डिसेंबर २०२४ मध्ये क्रुसिबलने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा आमचा फोन सारखा वाजत होता. "आता घेऊन ठेवू का?" बायको प्रत्येकाला सांगायची, घाई करू नका, पोलादाची कृती कुठे जात नाही. पुढच्या वर्षी एरास्टील या पोलाद कंपनीने क्रुसिबलची मालमत्ता विकत घेतली.

आता पोलादावर भाव ठरणारे चाकू आम्ही विकत घेत नाही, विक्रीसाठी ठेवून घेतो. विकला की मालकाचे पैसे त्याच आठवड्यात देतो. स्वतःचं भांडवल फक्त जुन्या हाताच्या कामात घालतो. प्रत्येक चाकूसोबत माझ्या अक्षरात एक चिठ्ठी जाते: पात्याची मोजलेली रुंदी, धार मूळ की लावलेली, लॉक कितपत झिजलंय, पेटी-कागद आहेत की नाहीत. पोलादाचं नाव असतं शेवटच्या ओळीत.