हरवलेली लिनक्सची बूट नोंद परत आणताना: आतापर्यंतची प्रगती

मदरबोर्डचे फर्मवेअर (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारे बोर्डावरचे सॉफ्टवेअर) अद्ययावत केल्यापासून माझा डेस्कटॉप ग्रबचा, म्हणजे कोणती प्रणाली सुरू करायची ते विचारणाऱ्या बूट लोडरचा, मेनू न दाखवता थेट विंडोजमध्ये सुरू होऊ लागला. एकाच एनव्हीएमई डिस्कवर (वेगवान एसएसडीवर) विंडोज ११ आणि डेबियन १२ ही लिनक्स अशा दोन प्रणाली आहेत. फर्मवेअरच्या बूट यादीत मात्र आता ‘विंडोज बूट मॅनेजर’ हे एकच नाव उरले आहे. पंख्यांच्या वेगाची मी ठरवलेली मांडणीही मूळ पदावर गेलेली दिसली. त्यावरून अद्ययावत करताना बोर्डाच्या स्मृतीतील सगळ्याच नोंदी पुसल्या गेल्या असाव्यात, असा माझा निष्कर्ष आहे. विंडोजची नोंद तेवढी टिकली, याचे कारण असे की अनेक फर्मवेअर विंडोजची बूट फाइल तिच्या ठरलेल्या जागी स्वतः शोधतात आणि तिची नोंद पुन्हा तयार करतात. डेबियनच्या वाट्याला ही सोय सहसा येत नाही.

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये लिनक्सची पार्टिशन जागच्या जागी होती. विंडोजला एक्स्ट-४ ही फाइल प्रणाली वाचता येत नाही, म्हणून त्यांच्यापुढे फाइल प्रणालीचे नाव नव्हते, एवढेच. अशा पार्टिशनला ड्राइव्हचे अक्षर देण्याच्या फंदात कुणी पडू नये, कारण त्यानंतर विंडोज ते पार्टिशन फॉरमॅट करण्याविषयी विचारते आणि घाईत चुकीचे बटण दाबले जाऊ शकते. लिनक्स सुरक्षित आहे हे दिसल्यावर पुन्हा इन्स्टॉल करण्याचा पर्याय मी यादीतूनच काढून टाकला.

आधी निदान

यूईएफआय या आधुनिक फर्मवेअरच्या पद्धतीने लिनक्स सुरू होण्यासाठी तीन दुवे शाबूत असावे लागतात. पहिला म्हणजे बोर्डावरील एनव्हीरॅममधील (वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीतील) नोंद, जी कोणत्या पार्टिशनवरील कोणती फाइल चालवायची ते सांगते. दुसरा म्हणजे ईएफआय सिस्टिम पार्टिशन, अर्थात ईएसपी, या फॅट-३२ पार्टिशनवर असलेली ती फाइल. तिसरा म्हणजे लिनक्सच्या पार्टिशनवरील ग्रबची मेनू फाइल. यांपैकी कोणता दुवा तुटला हे ठरवल्याशिवाय काहीही लिहायचे नाही, असा नियम मी या कामासाठी घालून घेतला. बहुतेक ठिकाणी ‘क्रूट करा आणि ग्रब-इन्स्टॉल चालवा’ असा सरधोपट सल्ला मिळतो, म्हणजे पेन ड्राइव्हवरून सुरू करून डिस्कवरच्या लिनक्समध्ये शिरा आणि ग्रब पुन्हा बसवा. तो चुकीचा नाही, पण त्यात ईएसपीवरील चांगल्या फाइलींवरही नव्याने लिहिले जाते आणि मुळात काय बिघडले होते ते कळायला वाव उरत नाही.

ज्यांच्या विंडोजवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन ही डिस्क सांकेतिक करणारी सोय चालू आहे, त्यांनी पुढे जाण्याआधी रिकव्हरी की संगणकाबाहेर लिहून ठेवावी. बूटच्या मार्गात बदल दिसला की विंडोज ती मागू शकते.

डिस्कवर काही न बसवता चालणाऱ्या डेबियनच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केला. बूट मेनूत पेन ड्राइव्हचे नाव दोनदा दिसत असेल, तर ‘यूईएफआय’ असे लिहिलेले नाव निवडणे अत्यावश्यक आहे, कारण जुन्या पद्धतीने सुरू केलेल्या लाइव्ह प्रणालीतून एनव्हीरॅमच्या नोंदी दिसतही नाहीत आणि बदलताही येत नाहीत. खात्री करणे सोपे आहे: सिस-फर्मवेअर-ईएफआय ही डिरेक्टरी अस्तित्वात असेल, तर आपण योग्य दाराने आत आलो आहोत.

त्यानंतर ‘ईएफआयबूटएमजीआर’ ही बूट नोंदी दाखवणारी व बदलणारी आज्ञा ‘व्ही’ पर्यायासह चालवली. बूटऑर्डरमध्ये, म्हणजे नोंदी कोणत्या क्रमाने चालवायच्या त्या यादीत, विंडोजचा क्रमांक होता आणि पेन ड्राइव्हचा होता. डेबियनचा कुठेच नव्हता. विंडोजच्या ओळीत मात्र वाचण्यासारखे बरेच काही असते, आणि ती ओळ समजली की नवी नोंद लिहिताना मनात शंका राहत नाही. तिथे ‘एचडी’ या शब्दापुढे कंसात पार्टिशनचा क्रमांक १, जीपीटी हा पार्टिशन तक्त्याचा प्रकार, पार्टिशनचा स्वतःचा जीयूआयडी (एकमेव ओळखक्रमांक) आणि मग दोन षोडशमान संख्या होत्या. पहिली ८००, म्हणजे दशमानात २०४८: पार्टिशन डिस्कच्या या सेक्टरपासून सुरू होते. दुसरी ३२०००, म्हणजे २,०४,८०० सेक्टर. प्रत्येकी ५१२ बाइट धरल्यास बरोबर १०० एमआयबी, जो विंडोजने तयार केलेल्या ईएसपीचा नेहमीचा आकार आहे. नोंद पार्टिशनला त्याच्या जीयूआयडीवरून ओळखते, म्हणूनच नव्या डिस्कवर तयार केलेल्या पार्टिशनमध्ये नुसत्या फाइली उतरवल्या, तर सगळे काही जागेवर असूनही जुनी नोंद निरुपयोगी ठरते.

मग ईएसपी फक्त वाचण्यापुरते माउंट केले, म्हणजे लाइव्ह प्रणालीला जोडले. त्यात मायक्रोसॉफ्ट, बूट आणि डेबियन अशा तिन्ही डिरेक्टरी होत्या. डेबियनच्या डिरेक्टरीत शिम (ग्रबच्या आधी चालून त्याची स्वाक्षरी तपासणारी छोटी फाइल) आणि ग्रब या दोन ईएफआय फाइली होत्या आणि त्यांच्याजवळ ग्रबची एक छोटी कॉन्फिग फाइल होती. या छोट्या फाइलीकडे फारसे कुणी पाहत नाही, पण दुसरा आणि तिसरा दुवा जोडणारी तीच आहे. तिच्यात तीनच ओळी असतात: अमुक यूयूआयडी (ओळखक्रमांक) असलेली फाइल प्रणाली शोध, तिच्यातील ग्रबची डिरेक्टरी हा पाया मान, आणि तिथली खरी कॉन्फिग वाच. हा यूयूआयडी मी ‘बीएलकेआयडी’ या आज्ञेने दाखवलेल्या एक्स्ट-४ पार्टिशनच्या यूयूआयडीशी अक्षर-अक्षर ताडून पाहिला; दोन्ही जुळले. त्या पार्टिशनवर खरी मेनू फाइल आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, हेही होते. याचा अर्थ तुटला होता तो केवळ पहिला दुवा.

नोंद लिहिणे

निदान असे स्पष्ट झाल्यावर क्रूट करण्याची गरजच उरली नाही. ईएफआयबूटएमजीआरला डिस्क, पार्टिशनचा क्रमांक, यादीत दिसावयाचे नाव आणि फाइलचा मार्ग एवढ्या चार गोष्टी सांगितल्या की पुरते. डिस्क सांगायची राहिली, तर ही आज्ञा एसडीए ही डिस्क गृहीत धरते, त्यामुळे एनव्हीएमई डिस्क वापरणाऱ्यांनी ती न विसरता लिहावी. फाइलच्या मार्गात उलट्या तिरक्या रेषा वापरायच्या असतात आणि संपूर्ण मार्ग एकेरी अवतरणचिन्हांत ठेवायचा असतो, नाहीतर आज्ञा वाचणारे शेल त्या रेषा गिळून टाकते आणि नोंद अस्तित्वात नसलेल्या फाइलीकडे बोट दाखवते.

फाइल म्हणून मी ग्रब न निवडता शिम निवडली. सिक्युअर बूट, म्हणजे विश्वासू स्वाक्षरी असलेल्याच बूट फाइली चालवू देणारी सोय, चालू असताना फर्मवेअर सर्वसाधारणपणे मायक्रोसॉफ्टच्या कीने स्वाक्षरी केलेल्या फाइलींवरच विश्वास ठेवते. शिमवर तशी स्वाक्षरी असते आणि ग्रबवर डेबियनची असते, जी शिम पडताळून पाहते. सिक्युअर बूट बंद असले तरी शिमच निवडावी असे माझे मत आहे, कारण पुढे ते चालू करावे लागले तर नोंदीला हात लावावा लागत नाही.

या आज्ञेत लहान लिपीतील ‘सी’ पर्याय नोंद तयार करून तिला थेट बूटऑर्डरच्या अग्रस्थानी बसवतो, तर मोठ्या लिपीतील ‘सी’ फक्त नोंद तयार करतो. मी दुसरा मार्ग घेतला आणि नव्या नोंदीचा क्रमांक बूटनेक्स्टमध्ये ठेवला. बूटनेक्स्ट केवळ पुढच्या एका बूटपुरता लागू असतो आणि वापरताना फर्मवेअर तो स्वतःच पुसून टाकते. नोंद चुकली असती, तर त्यानंतरच्या खेपेला संगणक आपोआप पूर्वीच्या क्रमाने सुरू झाला असता. ज्या यंत्रावर रोजचे काम अवलंबून आहे, तिथे ही थोडी जास्तीची मेहनत घेणे मला योग्य वाटते.

पेन ड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू केला आणि पडद्यावर ग्रबचा तोच ओळखीचा मेनू उमटला. तो परत दिसण्याचा आनंद या छंदातल्या माणसांना वेगळा सांगायला नको. डेबियनमध्ये शिरल्यावर आधी बूटकरंट, म्हणजे आत्ताचे बूट कोणत्या नोंदीने झाले तो क्रमांक, तपासला. तो नव्या नोंदीचाच क्रमांक असल्याचे पाहून मगच बूटऑर्डरमध्ये डेबियन पहिले आणि विंडोज दुसरे असा क्रम लावला.

ज्यांच्या ग्रब मेनूत या टप्प्यावर विंडोज दिसणार नाही, त्यांच्यासाठी एक सूचना: ग्रबच्या २.०६ या आवृत्तीपासून इतर प्रणाली शोधणारा ओएस-प्रोबर मुळात बंद असतो. ग्रबच्या डिफॉल्ट फाइलीत तो चालू करून अपडेट-ग्रब चालवावे. माझ्याकडे तो आधीपासून चालू होता.

टिकाऊपणाची चाचणी आणि उरलेले काम

काही फर्मवेअर लिहिलेला क्रम मान्य करतात आणि पुढच्याच वेळी विंडोजला पुन्हा वर नेऊन बसवतात, म्हणून केवळ रीस्टार्टवर समाधान मानले नाही. विंडोजमध्ये जाऊन, फास्ट स्टार्टअप (संगणक पूर्ण बंद होऊ न देणारी विंडोजची सोय) बंद करून, संगणक पूर्ण बंद केला, विजेची तार काढून ठेवली आणि नंतर सुरू केला. नोंद आणि क्रम दोन्ही टिकून आहेत. ईएफआयबूटएमजीआरचा संपूर्ण तपशील आणि ईएसपीची प्रतिमा आता वेगळ्या डिस्कवर जतन केली आहे. १०० एमआयबीच्या पार्टिशनची प्रत घ्यायला काहीच वेळ लागत नाही.

पुढचे फर्मवेअर अद्ययावत होईल तेव्हा हीच नोंद पुन्हा पुसली जाण्याची शक्यता गृहीत धरली पाहिजे. त्यावर एक कायमचा उपाय दिसतो. एनव्हीरॅममध्ये कामाची नोंद नसेल, तर फर्मवेअर ईएसपीवरील बूट डिरेक्टरीतील बूटएक्स६४ ही फाइल चालवते. शिम या जागेवरून चालली आणि शेजारी तिची फॉलबॅक फाइल असली, तर ती फाइल इतर डिरेक्टरींतील, नोंदींचा मजकूर असलेल्या सीएसव्ही फाइली वाचून हरवलेल्या नोंदी स्वतःच पुन्हा तयार करते. डेबियनच्या डिरेक्टरीत तशी सीएसव्ही फाइल आहे. माझ्याकडे मात्र बूटएक्स६४च्या जागी विंडोजच्याच बूट मॅनेजरची प्रत बसलेली आहे. हॅश, म्हणजे फाइलींचे ठसे, काढून दोन्ही फाइली एकच असल्याचे पाहिले. डेबियनच्या ग्रब-इन्स्टॉलमध्ये या जागीही प्रत ठेवण्याचा पर्याय आहे, पण विंडोजची बीसीडीबूट ही दुरुस्तीची आज्ञा तीच फाइल पुन्हा बदलते. तेव्हा सध्याच्या फाइलीची प्रत जपून ठेवणे, शिमची मांडणी तिथे करणे, आणि मग डेबियनची नोंद मुद्दाम पुसून ती आपोआप परत येते का ते पाहणे, हा पुढचा टप्पा आहे. विंडोजची नोंद एनव्हीरॅममध्ये तशीच राहिली, तर फर्मवेअर फॉलबॅकपर्यंत पोहोचणारच नाही, हा त्यातला खरा अडथळा. त्यामुळे चाचणीत ती नोंदही काढावी लागेल आणि हे फर्मवेअर ती स्वतःहून पुन्हा लिहिते का, हे आधी तपासायचे आहे.