आमची वाटचाल : सुगीच्या १४० कुंड्या

पाचगणीत, सुमारे १,३०० मीटर उंचीवर आमची बोन्साय नर्सरी आहे. वड, फायकस, जेड सगळ्यांकडे मिळतात. आमच्याकडे लोक येतात ते सुगीसाठी, म्हणजे जपानी सीडरसाठी. काही ठिकाणी हेच झाड ‘देवदार’ म्हणून खपवलं जातं. ते साफ चूक आहे. देवदार पाइनच्या कुळातला, सुगी सायप्रसच्या. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात दार्जिलिंगच्या डोंगरात याची लागवड केली, तिकडे त्याला धुपी म्हणतात. आमची पहिली रोपं तिकडचीच, छाट कलमांची.

पहिली वर्षं काड्या लावण्यात आणि रोपं विकण्यात गेली. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. सांगायचं आहे ते १४० कुंड्यांबद्दल.

एका लँडस्केप ठेकेदाराने रिसॉर्टसाठी १४० सुगी एकदम ठरवल्या. नऊ वर्षांची झाडं, सरळ खोड, उंची ४० ते ४५ सेंमी, पहिली फांदी उंचीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर, म्हणजे जपानी लोक ज्याला चोक्कान म्हणतात ती घडण. पाव रक्कम आगाऊ मिळाली. माल उचलायच्या आदल्या आठवड्यात त्यांची माणसं आली आणि ‘सगळी एकसारखी दिसायला हवीत’ म्हणून कुंपण कापायच्या कात्रीने सगळी झाडं एका दुपारात भादरून गेली. पंधरा दिवसांत प्रत्येक शेंडा तपकिरी पडला. ठेकेदार म्हणाले, करपा आहे. माल नाकारला, आणि पुण्यातल्या बागवाल्यांमध्ये ‘त्यांच्या सुगीला रोग आहे’ अशी बोलवा झाली.

तो करपा नव्हता. सुगीच्या डहाळीवर टोकदार पानं दाट, मळसूत्रासारखी फिरत लागलेली असतात. कात्रीचं पातं एका डहाळीत अशी दहा-वीस पानं मधोमध कापतं, आणि कापलेलं प्रत्येक पान वाळतं. म्हणून सुगी खुडायची असते, बोटांनी. नवा फुटवा कोवळा, साधारण एक सेंमीचा झाला की डाव्या हाताने डहाळी बुडाशी धरायची, उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने शेंडा पकडून हलका पीळ देत ओढायचा. तो जिथे मऊ असतो तिथेच सुटतो, खालची पानं शाबूत राहतात. शेंडा कडक झाला असेल तर जोर करू नका. टोकदार कात्री पानांच्या आत घालून फक्त काडी कापा. वाढीच्या दिवसांत हे पुन्हापुन्हा करावं लागतं. वरचा भाग जोमाने वाढतो, म्हणून तिथे जास्त खुडायचं, खालच्या फांद्या मोकळ्या सोडायच्या. उलट केलंत तर वरची सावली पडून खालची फांदी मरते, आणि सुगीची खालची फांदी गेली की झाडाची शान गेली.

आमचा सगळा पैसा त्या कुंड्यांत अडकला होता. टिकून राहिलो ते झाडाच्या एका गुणामुळे. पाइनची जुनी, पान नसलेली फांदी कापली तर बहुधा फुटत नाही. सुगी जुन्या लाकडातूनही फुटते. क्योतोच्या कितायामा भागात एकाच बुंध्यावर अनेक सरळ खोडं वाढवून लाकूड काढायची जुनी पद्धत आहे, तीही याच गुणावर. आम्ही तपकिरी झुबके लाकडापर्यंत मागे घेतले, झाडं ५० टक्के शेडनेटखाली ठेवली, पेंड बंद केली, मुळांना हात लावला नाही. सात आठवड्यांनी फांद्यांवर हिरवे ठिपके दिसले.

मग एप्रिल आला आणि लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड, आला. चूक आमची होती. झारीचं पाणी वरून पडत होतं, झुबक्यांच्या पोटात पोचतच नव्हतं. पांढऱ्या कागदावर फांदी झटकली की बारीक ठिपके चालताना दिसतात. मळकट पानांचं कारण तिथेच कळतं. तेव्हापासून कोरड्या महिन्यांत एक दिवसाआड सकाळी खालून वर पाण्याचा फवारा मारतो. तोवर २८ झाडं गेली.

अशा पडत्या काळात साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षिका आल्या. तपकिरी झाडांतली सहा त्यांनी पूर्ण किमतीला नेली. त्या सहांची पुनर्लागवड आजही आम्हीच करतो, दर तीन वर्षांनी, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. दोन भाग ३ ते ६ मिमीचे विटांचे तुकडे, एक भाग कोकोपीट, एक भाग कुजलेला पालापाचोळा. बारीक माती चाळून टाकायची, नाहीतर इथल्या पावसात मुळं कुजतात. मुळं एक तृतीयांशापेक्षा जास्त कापत नाही. कुंडी जरा खोलच घेतो, सुगीला तहान फार.

हत्यारांत काटकसर करू नका. अर्धगोल तोंडाचा कटर जपानी घ्या. स्वस्त कटरची धार दोन महिन्यांत बसते आणि फांदी कापली न जाता चिरडते. फांद्या खाली ओढायला अ‍ॅल्युमिनियमची दीड ते अडीच मिमी तार पुरते. साल मऊ आहे, तीन-चार महिन्यांत तार कापून काढा, उलगडू नका.

डिसेंबरात पानं तांबूस झाली की हल्ली फोन येतात. तो थंडीचा रंग आहे, ऊन वाढलं की पुन्हा हिरवा होतो. पाणी मात्र थांबवू नका.

त्या ठेकेदारांकडची पाऊण रक्कम आमच्या वहीत अजून येणे म्हणून आहे.