तुम्ही विचारलंत म्हणून: रिबेका नायिकेची छाया कशी?

हिचकॉकच्या ‘रिबेका’वर बोलून झालं की हा प्रश्न हमखास येतो. रिबेका ही मॅक्सिम डी विंटरची पहिली, वारलेली बायको, चांगली हाडामांसाची बाई; नायिका ही त्याची दुसरी. तिला दुसरीची ‘छाया’ कशाला म्हणता? दिसेल तिथे तो मानसशास्त्रज्ञ युंग कशाला घुसडता?

घुसडावा लागत नाही हो. युंगच्या भाषेत छाया म्हणजे आपण स्वतःत नाकारलेला भाग, जो मग आपल्याला दुसऱ्यात दिसतो. १९४०चा हा चित्रपट सुरूच होतो तो नायिकेच्या स्वप्नापासून: काल रात्री मी पुन्हा मॅन्डर्लीला, म्हणजे मॅक्सिमच्या वाड्यावर, गेले. आणि कार्ल युंगचं म्हणणं असं, की स्वप्न हे नाटक धरलं तर त्यातला नटही स्वप्न बघणारा, लेखकही तोच आणि प्रेक्षकही तोच. मग मॅन्डर्लीतली माणसं नायिकेच्या मनातलीच म्हणून बघायला काय हरकत आहे?

नायिकेला तर नावसुद्धा नाही. फोन वाजतो, पलीकडून मिसेस डी विंटरना विचारतात, आणि ही सांगून मोकळी होते की त्यांना जाऊन वर्ष उलटलं. स्वतः मिसेस डी विंटर असताना! हातून चिनी मातीचा क्युपिड फुटतो, तर घरची मालकीण नोकरांच्या धाकानं तुकडे खणात लपवते. रुबाब, हुकमत, बेफिकिरी, हवं ते मागून घेणं, जे जे हिनं स्वतःत चालवून घेतलं नाही ते सगळं त्या मेलेल्या बाईच्या नावावर जमा आहे. छाया म्हणजे नुसता दुष्टपणा नव्हे. न वापरलेली ताकदही तिथेच पडून असते.

आणि रिबेका आपल्याला एकदाही दिसत नाही. बोटहाउसमध्ये मॅक्सिम रिबेका मेली त्या रात्रीची हकिगत सांगतो तेव्हा फ्लॅशबॅक नाही. ती उठली, चालत आली, तसतसा कॅमेरा रिकाम्या खोलीतून सरकतो. एखादी देखणी नटी तिथे उभी केली असती तर सगळंच फसलं असतं.

घराची व्यवस्था बघणाऱ्या डॅनव्हर्सबाई नायिकेला रिबेकाची खोली दाखवतात ते दृश्य तर मी कितीदाही बघेन. फरकोटाची बाही गालावर फिरवायची, झिरझिरीत नाइटगाऊनच्या आत हात घालून म्हणायचं, बघा, हात दिसतो. नायिका शहारते, पण लगेच पळत नाही. भीती आणि ओढ दोन्ही एकाच चेहऱ्यावर.

मला खटकतं ते पुढचं. मॅक्सिमच्या कबुलीनंतर ती एकदम मोठी होते. कशामुळे? तर रिबेका वाईट होती आणि नवऱ्याचं तिच्यावर प्रेम नव्हतं, हे कळल्यामुळे. याला छाया स्वीकारणं म्हणत नाहीत, पुन्हा दुसरीच्या माथी मारणं म्हणतात. शेवटी रिबेकाचं ‘आर’ अक्षर भरतकामानं काढलेली नाइटगाऊनची खोळ जळते, की सुटलो!

डाफ्ने ड्यू मॉरिएच्या १९३८च्या कादंबरीत मॅक्सिम रिबेकाला गोळी घालतो. बायकोचा खून करून नवरा सुटतो हे हॉलीवूडच्या तेव्हाच्या सेन्सॉरच्या नियमावलीत, प्रॉडक्शन कोडमध्ये, बसेना, म्हणून चित्रपटात ती पडून, डोकं आपटून मरते. कादंबरीतली भित्री मुलगी खून माहीत असून तोंड मिटून त्याच्या बाजूला उभी राहते. तिच्यातली रिबेका तिथे जागी झालेली मला दिसते. पडद्यावरच्या नायिकेला सेन्सॉरनं तेवढीही मुभा दिली नाही.